फ्री-स्टाइलच्या कॅसेटी: जुन्या डब्ल्यूडब्ल्यूएफ फितींच्या जतनाच्या नोंदी

१६ मार्च २०२५, जळगाव

पहिली खोकी उतरली. बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्रऱ्या, एका केबलवाल्याची जुनी खोली आणि काही घरांचे माळे, असा हा माल आहे. जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर इथून आलेला. बहुतेक लेबलांवर नुसतं ‘फ्री स्टाइल’ लिहिलंय, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कंपनीची टीव्हीवरची कुस्ती. फार तर ‘फ्री स्टाइल – २’.

चालवण्याआधी तीन ढीग केले. पहिल्यात छापील डब्यांच्या अधिकृत फिती: कोलिझियम व्हिडिओच्या अमेरिकी आणि सिल्व्हर व्हिजनच्या ब्रिटिश. दुसऱ्यात टीव्हीवरून घरी किंवा केबलच्या खोलीत रेकॉर्ड केलेल्या. तिसऱ्यात लायब्रऱ्यांनी एकावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा उतरवलेल्या.

काम दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगापासून सुरू होईल. हौशी संग्राहक याच्या नेमकं उलट करतात, पण १९८७ ची तिसरी रेसलमेनिया (कंपनीचा मोठा वार्षिक कार्यक्रम) स्वच्छ चित्रात बघायची सोय आज कुठेही आहे. भुसावळच्या केबलवर खाली सोनाराच्या आणि कापडदुकानाच्या जाहिरातींची पट्टी सरकत असताना दिसलेली ब्रेट हार्टची कुस्ती या फितीबाहेर कुठेच नाही. खान्देशात ती कुस्ती अशीच पाहिली गेली, म्हणून पट्टीसकट ठेवायची.

फायली बाहेर कुठेही चढवायच्या नाहीत. कार्यक्रमांचे हक्क कंपनीचे आहेत. मालकाला त्याची कॅसेट आणि एक प्रत परत, एक प्रत आपल्या कपाटात.

२३ मार्च

तपासणी. डेकमध्ये, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या यंत्रात, घालायच्या आधी प्रत्येक कॅसेटीचं एवढं बघायचं:

खिडकीतून रिळावर पांढरे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. लाल दोरा बांधून वेगळ्या खोलीत.

कडेचं बारीक बटण दाबून झाकण उचलायचं आणि फितीच्या दोन्ही कडा उजेडात धरायच्या. वरची कड दुमडली असेल तर साधा आवाज जातो, कारण तो वरच्या कडेने नोंदलेला असतो. खालच्या कडेला कंट्रोल ट्रॅक, म्हणजे वेग सांभाळणाऱ्या खुणांची ओळ, असते. ती कड चुरगळली की डेकला वेगाचा अंदाज येत नाही आणि चित्र सारखं घसरतं. वरच्या कडेचं दुखणं परवडतं, खालच्या कडेचं नाही.

कॅसेट हलवून ऐकायची. आत खडखड असेल तर रोलर सुटलाय किंवा कवच फुटलंय. नंतर रेकॉर्डिंगची खुटी बघायची आणि शाबूत असेल तर लगेच मोडायची. ‘प्ले’ऐवजी ‘रेक’ दाबलं गेलं की सगळं संपलं.

डब्यांत निघालेली पैलवानांची ट्रम्प कार्डं आणि लायब्ररीच्या भाड्याच्या चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत. चिठ्ठीवर तारीख असते.

६ एप्रिल

यंत्रं. तीन डेक लागतात आणि तिघांची कामं मिसळायची नाहीत.

पहिला मारखाऊ: जुना फुनाई व्हीसीपी (नुसता चालवणारा, रेकॉर्ड न करणारा). अनोळखी कॅसेट आधी याच्यात. फीत वाचणारं हेड गेलं तरी दुःख नाही.

दुसरा मुख्य: चार हेडचा, हाय-फाय, पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) डेक, ज्याच्यावर एनटीएससी (अमेरिकी पद्धत) प्लेबॅक आहे. मारखाऊतून पास झालेल्या फितीच फक्त याच्यात जातात.

तिसरा सुट्या भागांसाठी. फुनाईने २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि त्यानंतर नवा डेक कुठूनच येत नाही. रबराचे भाग, बेल्ट आणि मोड स्विच यांच्यासाठी भंगारातला त्याच मॉडेलचा दुसरा डेक मिळाला तर किंमत न करता उचलावा.

मुख्य डेक उघडला. इथल्या उन्हाळ्यांनी लोडिंगचा बेल्ट कडक होतो. कॅसेट आत जाते, ड्रमभोवती (हेड बसवलेला फिरता गोल) फीत अर्धी गुंडाळली जाते आणि डेक परत बाहेर फेकतो. हीच लक्षणं मळलेल्या मोड स्विचचीही (यंत्र कुठल्या टप्प्यावर आहे हे सांगणारा) असतात, म्हणून बेल्ट बदलण्याआधी स्विच काँटॅक्ट क्लीनरने धुवावा. उजवं रीळ फिरवणाऱ्या आयडलरचा टायर गुळगुळीत झाला की फीत पुढे येत राहते पण गुंडाळली जात नाही. ‘व्हीसीआरने कॅसेट खाल्ली’ म्हणतात ती बहुतेकदा यामुळे. टायर घासून चार दिवस चालतो, बदलणं बरं. पॉवर सप्लायचे फुगलेले कपॅसिटर काढून १०५ अंशांचे लावले. ८५ चे इथे टिकत नाहीत.

हेड साफ करण्याची रीत: जाड पांढऱ्या कागदाची किंवा शॅमॉय चामड्याची पट्टी, त्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. पट्टी ड्रमला हलकी टेकवून स्थिर धरायची आणि ड्रम वरून बोटाने सावकाश फिरवायचा. पट्टी वर-खाली हलवली की हेडचं टोक तुटलंच. कापसाच्या काड्या हेडला लावायच्याच नाहीत, तंतू अडकतो. फीत पुढे ओढणाऱ्या पिंच रोलर आणि कॅप्स्टनला त्या चालतात.

२० एप्रिल

लोडशेडिंगच्या वेळी इन्व्हर्टरवर उतरवून पाहिलेल्या फायलींत आडवे फिकट पट्टे वर सरकताना दिसतात. स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरचा हा प्रसाद. शुद्ध साइन-वेव्ह यूपीएस असेल तरच वीज गेल्यावर काम चालू ठेवावं, नाहीतर थांबावं.

जोडणी अशी: डेकमधून व्हिडिओ आणि आवाज पॅनासोनिकच्या डीएमआर-ईएस१० डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये, तिथून कॅप्चर कार्डात. डीव्हीडी लिहायची नाही, सिग्नल नुसता आरपार न्यायचा. जुन्या फितीत प्रत्येक ओळीची सुरुवात जराशी पुढे-मागे झालेली असते. त्यामुळे चित्राचा वरचा भाग वाकतो, रिंगचे दोर लाटांसारखे हलतात. हा रेकॉर्डर ओळी सरळ करतो. मात्र मेनूत लाइन-इनची नॉइज रिडक्शन बंद करायला विसरू नये. चालू राहिली तर प्रेक्षकांचे चेहरे मेणाचे होतात.

पकडताना ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड जसं आहे तसं. आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, न दाबलेला. हाय-फाय (चित्रासोबत हेडने नोंदलेला) आणि साधा (कडेचा), दोन्ही ट्रॅक वेगळे उतरवायचे. ज्या फितीवर हाय-फाय गुरगुरतो तिथे साधा ट्रॅक कामाला येतो. मूळ फाइल एफएफव्ही१ मध्ये, म्हणजे काहीही न गमावता दाबणाऱ्या प्रकारात. न दाबता तासाला सुमारे ७५ जीबी लागतात, एफएफव्ही१ मध्ये ३० ते ३५. मुंग्या जास्त असलेली फीत जास्त जागा खाते, कारण मुंग्या दाबल्या जात नाहीत. ४ टीबीच्या डिस्कवर शंभर-सव्वाशे तास बसतात. दोन डिस्का, दोन वेगळ्या घरांत, प्रत्येक फाइलचा शा-२५६ आकडा (फाइल बदलली का हे त्यावरून कळतं) वहीत.

गळालेल्या फ्रेमचा आकडा पकडतानाच बघत राहायचा. तासाला एक-दोन ठीक. वाढत गेला तर आवाज चित्राच्या मागे पडतो आणि हल्क होगनचा हात पडून गेल्यावर धप्प ऐकू येतं.

११ मे

पारा ४४ च्या वर. दुपारी काम बंद. पहाटे पाच ते नऊ आणि रात्री दहानंतर.

कूलरबद्दल सगळ्या मालकांना कळवायचं आहे. खान्देशात मे महिन्यात हवा कोरडी असते, बुरशीला तो काळ वाईट. पण वाळ्याचा कूलर खोलीत पाण्याची वाफ भरतो आणि त्याच खोलीतल्या कपाटात कॅसेट असतील तर भर उन्हाळ्यात बुरशी धरते. यावेळच्या लाल दोऱ्याच्या कॅसेटींपैकी बऱ्याच अशाच खोल्यांतल्या निघाल्या. पत्र्याच्या माळ्यावरच्या कॅसेटींची कवचं वाकलीत, पण फीत स्वच्छ आहे. दोन्हीतलं वाकलेलं कवच परवडतं.

१ जून

कवच बदलणे. दात्या कॅसेटी (ज्यांचं कवच काढून घ्यायचं) गोलाणी मार्केटच्या आसपास आणि भंगारात मिळतात. हिंदी सिनेमाच्या घ्याव्यात. लग्नाची कॅसेट दाता म्हणून घ्यायची नाही, कितीही चांगलं कवच असलं तरी.

कॅसेट पालथी घालून पाच स्क्रू काढायचे. मग दोन्ही अर्धे घट्ट धरून सुलटी करायची आणि वरचा अर्धा उचलायचा. उलटी असताना उचलला तर रोलर, पिना, स्प्रिंगा सगळं जमिनीवर. उचलण्याआधी कोण कुठे आहे याचा मोबाइलवर फोटो. डावं रीळ पुरवठ्याचं, उजवं गुंडाळण्याचं. फीत दोन्ही टोकांच्या खांबांच्या बाहेरून जाते, आतून गेली तर डेक ती खेचून तोडतो. रिळांचं कुलूप तळाच्या मधल्या भोकातून दाबल्यावर सुटतं का, हे बंद करण्याआधी पाहायचं.

तुटलेली फीत जोडायची तर टोकं तिरकी कापून, व्हिडिओसाठीची स्प्लायसिंग टेप आणि तीही मागच्या, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूलाच लावायची. ड्रमकडे तोंड असते ती हेडची बाजू. सेलोटेप कधीही नाही. तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरून हेडवर बसतो. तुटकी जागा मधोमध असेल तर जोडच देऊ नये: दोन तुकडे दोन कवचांत घालून वेगळे उतरवावेत आणि संगणकात जोडावेत. दीड-दोन सेकंद जातात, हेड वाचतं.

८ जून

बुरशी. कामाची जागा गच्चीची खोली, दार उघडं, एन-९५ मास्क आणि हातमोजे. खराब व्हीसीपीचं पोट रिकामं करून नुसती रिळं फिरवणारी चौकट केली आहे. मोटर १२ व्होल्टऐवजी ५-६ व्होल्टवर, म्हणजे फीत सावकाश जाते. झाकण उघडं ठेवून फितीच्या दोन्ही बाजूंना मऊ, तंतू न सोडणाऱ्या कापडाच्या घड्या, अल्कोहोलने दमट केलेल्या, टपकणाऱ्या नकोत. कापडावर करडा डाग दिसला की घडी बदलायची. एक फेरी ओली, लगेच दुसरी कोरडी. अल्कोहोल उडून जायच्या आत फीत गुंडाळली गेली तर थर एकमेकांना चिकटतात, म्हणून वेग वाढवायचा मोह टाळावा.

साफ झालेली फीत नव्या कवचात. जुनं कवच जाळायचं नाही, पिशवीत बांधून टाकायचं. कापडंही.

२९ जून

अमेरिकेतून कुणाच्या तरी नातेवाइकाने आणलेल्या टी-१२० फिती. साध्या पाल व्हीसीआरमध्ये घातल्या की चित्र फाटतं आणि आवाज जड येतो, म्हणून त्या तेव्हा ‘खराब’ म्हणून माळ्यावर गेल्या. फिती ठणठणीत आहेत. एनटीएससीत ५२५ ओळी, सेकंदाला २९.९७ फ्रेम आणि फितीचा वेग ३३.३५ मिमी, पालमध्ये ६२५ ओळी, २५ फ्रेम, २३.३९ मिमी. मुख्य डेकचा एनटीएससी प्लेबॅक लावून उतरवायच्या आणि कॅप्चर कार्डात पाल-६० (अमेरिकी ओळी, पालचा रंग) निवडायचं, नाहीतर रंग येत नाही. आकार ७२० बाय ४८०.

यातल्या काही सहा तासांच्या मंद वेगावर भरलेल्या आहेत. त्या वेगाला ट्रॅकची रुंदी १९ मायक्रॉन उरते, पालच्या साध्या वेगाला ती ४९ असते. अशा फितीचं ट्रॅकिंग हाताने लावावं लागतं आणि दर अर्ध्या तासाने परत बघावं लागतं.

लांबीचं गणितही उपयोगी पडतं. ई-१८० (आपल्याकडची तीन तासांची) फीत सुमारे २५८ मीटर, म्हणजे पालमध्ये तीन तास चार मिनिटं. तीन तासांहून मोठा कार्यक्रम लायब्ररीवाल्याने एकाच फितीवर उतरवला असेल तर शेवटची कुस्ती, म्हणजे ज्याच्यासाठी लोक भाडं देत, तीच कापलेली निघते. उलट कार्यक्रम लहान असेल तर उरलेल्या जागेत हिंदी गाणी. तीही उतरवायची.

२० जुलै

पावसाळा. एसीच्या खोलीतून डेक बाहेर आणला की ड्रमवर दव धरतं आणि दवाचा सेन्सर डेक बंद पाडतो. सेन्सर काढून टाकण्याचे सल्ले मिळतात, ते ऐकू नयेत. ओल्या ड्रमला फीत चिकटते. दोन तास तसाच चालू ठेवून कोरडा होऊ द्यावा.

उतरवून झालेल्या कॅसेटी पूर्ण मागे गुंडाळून, उभ्या, हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात. दहा-बारा कॅसेटींना १०० ग्रॅम सिलिका जेल, नारिंगी रंगाचं. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास.

बाहेर पाऊस असल्याने आठवडाभर ओळख पटवण्याचं काम. लेबल नसलेल्या फितीची तारीख पट्ट्यावरून काढायची. मुख्य पट्टा होगनच्या कमरेला आणि रॉ हा साप्ताहिक कार्यक्रम चालू असेल, तर ४ एप्रिल ते १३ जून १९९३ एवढ्याच खिडकीतलं. त्यानंतर २० मार्च १९९४ पर्यंत योकोझुना, मग २३ नोव्हेंबर १९९४ पर्यंत ब्रेट हार्ट. तीन दिवस बॉब बॅकलंड. २६ नोव्हेंबर १९९४ पासून १९ नोव्हेंबर १९९५ पर्यंत डीझल, त्यापुढे ३१ मार्च १९९६ पर्यंत पुन्हा ब्रेट. कोपऱ्यात प्राइम स्पोर्ट्स वाहिनीचा शिक्का असेल तर नव्वदच्या दशकाचा पूर्वार्ध. मात्र प्रक्षेपण अमेरिकेनंतर कितीतरी उशिरा होई, म्हणून वहीत दोन रकाने: कुस्तीची तारीख वेगळी, रेकॉर्डिंगची वेगळी.

‘दोन अंडरटेकर’ असं लेबल जिथे तिथे सापडतं. ती २९ ऑगस्ट १९९४ ची समरस्लॅम, शिकागो. दुसरा अंडरटेकर म्हणजे ब्रायन ली. १९९६ च्या हिंदी सिनेमात अक्षय कुमारशी झुंजणाराही हाच ब्रायन ली, मूळ अंडरटेकर नव्हे. त्या सिनेमातला तुकडा ‘फ्री स्टाइल’च्या फितीवर जोडलेला निघाला तर वेगळी नोंद करायची, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या यादीत घालायची नाही. पैजा लागलेल्या असतात यावर अजून.

३ ऑगस्ट

फीत कितवी प्रत आहे हे कसं ओळखायचं? चित्राच्या अगदी तळाशी हेड बदलल्याची फाटकी पट्टी असते. प्रत्येक नकलेत त्या यंत्राची पट्टी जुनीवर चढते, थोडी वर किंवा खाली. टीव्हीवर ती दिसत नसे, संगणकावर दिसते. पट्ट्या मोजल्या की पिढी कळते. दुसरी खूण रंगाची: दर नकलेत रंग जरा खाली आणि उजवीकडे सरकतो, होगनचा पिवळा बनियनच्या बाहेर सांडतो. म्हणूनच मूळ फाइलमध्ये तळाच्या ओळी कापायच्या नाहीत. बघायच्या प्रतीत काळी पट्टी मारा हवी तर.

आता मुंग्यांचं. भाड्याच्या फितींवर मुंग्या सगळीकडे सारख्या नसतात. दहा-पंधरा सेकंदांचा एखादाच तुकडा पार धुऊन निघालेला असतो, आजूबाजूला चित्र बरं. पॉज केल्यावर हेड एकाच ट्रॅकवर सेकंदाला पंचवीस फेऱ्या घासत राहतं, आणि मागे घेऊन पुन्हा पाहिलं की तोच तुकडा पुन्हा यंत्रातून जातो. म्हणजे जिथे फीत सर्वांत झिजली तीच जागा लोकांनी सर्वांत जास्त वेळा पाहिली. तिसऱ्या रेसलमेनियात आंद्रे द जायंटला होगनने उचलून आपटलं तो क्षण बऱ्याच प्रतींत जवळपास दिसेनासा झालाय. दोन अंडरटेकर समोरासमोर येतात तिथेही तसंच. झिजलेल्या जागांची सेकंदांसह यादी प्रत्येक फाइलसोबत ठेवतोय. अधिकृत प्रतीतला स्वच्छ तुकडा आणून तिथे चिकटवण्याची सूचना आली होती, नाही करायचं.

बघायच्या प्रती: इंटरलेस काढून ५० फ्रेम, एच.२६४. पंचवीसवर आणली तर उड्या तुटक दिसतात. आवाजातला ५० हर्ट्झचा गुंगाट तसाच.

१७ ऑगस्ट

पहिला ढीग, अधिकृत फिती. यांतल्या काहींवर नक्कल रोखणारे स्पंद आहेत: चित्रात न दिसणाऱ्या ओळींत सिग्नलच्या मोठ्या उसळ्या सोडलेल्या असतात, त्यांनी रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राचं आपोआप उजेड सांभाळणारं सर्किट गोंधळतं आणि चित्र उजळतं-मावळतं. या फिती उतरवत नाही. स्वच्छ करून, पुठ्ठा आणि छापील वेष्टनासकट ठेवायच्या.

त्यांची किंमत कमी आहे असं नाही. २००२ च्या मे महिन्यात वन्यजीव निधीशी (त्याचीही आद्याक्षरं डब्ल्यूडब्ल्यूएफच) झालेल्या कोर्टाच्या वादानंतर कंपनीचं नाव डब्ल्यूडब्ल्यूई झालं, आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत १९९८ च्या सुमाराचा खरडल्यासारखा ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ शिक्का धूसर केला जाऊ लागला. २०१२ मध्ये तडजोड होईपर्यंत हे चाललं. त्यामुळे त्या काळातल्या डीव्हीडीपेक्षा मूळ कॅसेट जास्त पूर्ण आहे. वेष्टन उन्हात फिकट होतं म्हणून डबे काचेच्या कपाटात नको, लाकडी दाराच्या.

धुळे आणि नंदुरबारची खोकी पोळ्यानंतर येतील. तोपर्यंत मुख्य डेकचा पिंच रोलर बदलून घ्यायचा. तो चकाकायला लागलाय आणि फितीची खालची कड किंचित वळते आहे. नवा मिळेपर्यंत मुख्य डेकमध्ये एकही कॅसेट घालू नये.